मे महिना, सात माणसं आणि लंकेचा चुकीचा किनारा

आखाजीला लेकी माहेरी आल्या की खान्देशात झोके बांधले जातात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेतही बहुधा तेव्हाच ठरतात. या प्रकरणातल्या अमळनेरच्या घरात त्या दिवशी श्रीलंका ठरली. माणसं सात. अडुसष्ट वर्षांच्या आजी, गुडघ्यांनी थकलेल्या. त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, चौदा वर्षांचा नातू आणि नऊ वर्षांची नात. आजी आणि थोरली सून माळकरी, बाकीच्यांना मासे चालतात. हाताशी दहा दिवस, म्हणजे नऊ मुक्काम. कापड दुकानातली लग्नसराई आटोपल्याशिवाय धाकट्याला हलता येत नव्हतं, म्हणून निघायची तारीख पडली ती २० मेच्या पुढची.

सगळं प्रकरण या एका तारखेभोवती फिरतं.

घरात जो आराखडा आला होता तो असा: निगोंबो, बेंटोटा, हिक्काडुवा, मिरिस्सा, गॉल, कोलंबो. मिरिस्साला देवमासे पाहायचे, हिक्काडुवाला प्रवाळ, गॉलजवळ उनावटुनाला पोहायचं. ही नावं कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याच्या कागदावर याच क्रमाने सापडतात आणि जानेवारीसाठी त्यांत खोट काढायला जागा नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी मात्र हा आराखडा जवळपास पूर्ण चुकीचा आहे. ही सगळी गावं नैर्ऋत्येकडे तोंड करून बसलेली आहेत आणि नैर्ऋत्य मोसमी वारा केरळच्या आधी लंकेवर पोचतो. साधारण २० ते २५ मेच्या सुमारास हा समुद्र खवळतो, तो सप्टेंबरपर्यंत तसाच राहतो. मिरिस्साहून देवमाशांसाठी बोटी निघतात त्या नोव्हेंबर ते एप्रिल. मेअखेर कुणी तिथे बोट काढून देतो म्हणालाच, तर त्या बोटीत न बसणं बरं.

इगतपुरी आणि धुळे

खान्देशातल्या माणसाला हे समजवायला नकाशाचीही गरज पडत नाही. पावसाळ्यात कसारा घाट चढून इगतपुरीला आलं की गाडीच्या काचेवर पाण्याचे लोट असतात. तिथून नाशिक, मालेगाव करत धुळ्याला पोचेपर्यंत रस्ता कोरडा ठाक. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, धुळ्याला सहाशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर मोकळे होतात आणि अलीकडे उतरतो तो कोरडा वारा.

लंकेच्या मध्यभागीही असाच डोंगर आहे. त्याचं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. नैर्ऋत्येचा वारा त्याला धडकतो तेव्हा गॉल-कोलंबोची बाजू इगतपुरी होते आणि पलीकडची त्रिंकोमाली-बट्टिकलोआची बाजू धुळे होते. फरक एवढाच की त्या धुळ्याला समुद्र आहे. मे महिन्यात गॉलला सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्रिंकोमालीला पन्नासच्या. डोंगर उतरून पूर्वेकडे येणाऱ्या त्या गरम कोरड्या वाऱ्याला तिकडे 'कच्चान' म्हणतात. जळगावची लू ज्यांनी खाल्ली आहे त्यांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

हिवाळ्यात चक्र उलटं फिरतं. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारा पूर्व किनाऱ्यावर पाऊस पाडतो आणि तेव्हा पश्चिम-दक्षिण किनारा सुंदर असतो. सर्वांत अडचणीचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी. तेव्हा बेटावर सगळीकडे दुपारनंतर गडगडाट असतो, वर चक्रीवादळांची टांगती तलवार. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळाने दरडी कोसळून शेकडो माणसं गेली आणि डोंगरातल्या रेल्वेमार्गाचं फार नुकसान झालं. दिवाळीत लंका काढणाऱ्यांनी आरक्षण रद्द करता येईल अशाच खोल्या घ्याव्यात.

बदललेला मार्ग

म्हणून नकाशा उलटा धरला. विमानतळ कटुनायकेला आहे, निगोंबोच्या शेजारी, कोलंबोच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर. तिथून कोलंबोकडे न वळता सरळ ईशान्येला जायचं. पहिला मुक्काम हबरणा. दुसऱ्या दिवशी सकाळी सिगिरिया करून दुपारी त्रिंकोमालीजवळ निलावेली, तिथे तीन मुक्काम. मग दक्षिणेला पासिकुडा, दोन मुक्काम. पोलोन्नारुवा पाहत कँडी, एक. उरलेल्या दोन रात्री गॉल आणि निगोंबो.

त्रिंकोमालीला विमानतळावरून एका दमात जायचा थोरल्याचा आग्रह होता. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे महामार्गावर चार-साडेचार तास. लंकेत ते सहा-सात तासांचं काम आहे. द्रुतगती मार्ग सोडले तर तिथले रस्ते दुपदरी, गुळगुळीत पण वळणांचे, गावागावांतून जाणारे. मोटारीला वस्तीत ताशी ५० आणि बाहेर ७० ची मर्यादा, आणि पोलीस खरंच उभे असतात. हिशेब ताशी ३५ ते ४० किलोमीटरनेच करायचा. शिवाय हबरणा ते त्रिंकोमाली हा पट्टा हत्तींचा. अंधार पडल्यावर हत्ती डांबरावर येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरणाजवळच रेल्वेच्या धडकेत सहा हत्ती मेले, यावरून तिथली रात्र कशी असते ते कळावं. म्हणून मधला मुक्काम.

गाडीची चूक मात्र घरीच झाली होती. 'सात सीटर' सांगून आरक्षण केलं, आणि सात सीटांत सात माणसं बसली की सात बॅगा कुठे ठेवायच्या हे कुणी विचारलं नाही. लंकेत 'केडीएच' म्हटलं की प्रत्येक चालकाला कळतं, टोयोटाची उंच टपाची व्हॅन. सात माणसांना सामानासकट तीच लागते. निघण्याच्या चार दिवस आधी गाडी बदलून घेतली, पैसे थोडे वाढले. ठरवताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात: दिवसाला किती किलोमीटर धरलेत, वरच्या किलोमीटरचा दर, द्रुतगती मार्गाचा टोल कोणाकडे, आणि चालकाचा भत्ता व झोपायची सोय. बऱ्याच हॉटेलांत चालकासाठी वेगळी खोली असते, पण 'बहुतेक असेल' यावर विसंबून राहिलं की रात्री दहाला वाद होतो.

खोल्यांच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्या आकड्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि १८ टक्के व्हॅट चढणार आहे, हे धरून चालावं. नऊ रात्री, तीन खोल्या म्हटल्यावर हा फरक लहान राहत नाही.

घरापासून विमानापर्यंत

यात फार सांगण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. मुंबईहून कोलंबोला थेट विमान अडीच तासांचं, पण अमळनेरहून मुंबईचं विमानतळ गाठणं ही दिवसभराची गोष्ट आहे. जळगावहून दादरला गाडी सात तासांत पोचते असं वेळापत्रक म्हणतं. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजेरी हवी. गाडी पोचणं आणि विमान सुटणं यांच्या मध्ये फक्त चार तास ठेवणारे लोक कसारा घाटात घड्याळाकडे बघत बसतात. या घराने एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढली, ते शहाणपणाचं झालं. दादरहून आता भुयारी मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी-२ टर्मिनलच्या स्थानकात जाते, पण ती मध्यरात्री नसते आणि आजींना बॅगेसह सरकत्या जिन्यांवरून नेण्यापेक्षा टॅक्सी बरी.

व्हिसासाठी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी आहे. तिच्या शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले, त्यामुळे निघण्याच्या दोन आठवडे आधी श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर पाहावं, म्हणजे ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट एलके' आहे. तशीच दिसणारी खाजगी संकेतस्थळं शोधात वर येतात आणि त्याच कामाचे जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. घड्याळ हलवावं लागत नाही, वेळ आपलीच. चार्जरच्या पिनेला मात्र तिकडच्या तीन चौकोनी पायांचा अडॅप्टर लागतो.

सामानात आजींनी केळी घातली होती, रावेरची, प्रवासात पोटाला हलकी म्हणून. ती विमानतळावर उतरायच्या आत खाऊन संपवली. ताजी फळं परवान्याशिवाय दुसऱ्या देशात नेता येत नाहीत, आणि ज्या देशात आंबूस 'अंबुल', जाड गोड 'कोलिकुट्टू' आणि तांबडी केळी रस्त्याकडेला घडाने लटकलेली असतात तिथे न्यायचीही गरज नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा हे सगळं नीट बांधलेलं असेल तर अडत नाही.

सिगिरिया, चटकन

पाचव्या शतकात काश्यप राजाने बांधलेला हा कातळकिल्ला चढायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळी दार उघडताच चढायला लागायचं. दहानंतर दगड तापतो, वरच्या लोखंडी जिन्यावर रांग थांबते आणि त्या रांगेला सावली नसते. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते, पण मूळ पासपोर्ट दाखवला तरच. धाकट्याने फोनमधला फोटो पुढे केला आणि पासपोर्ट आणायला हॉटेलात परत गेला, त्यात पाऊण तास मोडला. आजी खाली बागेत थांबल्या. त्यांना वर नेण्याचा विचार कुणी केला नाही, हे चांगलं. माकडांपासून पिशव्या सांभाळाव्यात, आणि कातळावर आग्या मोहोळासारखी पोळी आहेत, तिथे आरडाओरडा करू नये असे फलक आहेत ते शोभेचे नाहीत.

निलावेलीचे तीन दिवस

खरी सहल इथे झाली. पाणी निळं, वारा पाठीमागून म्हणजे जमिनीकडून, लाट घोट्याएवढी. कोकणात ज्यांनी समुद्र पाहिला आहे त्यांना एक सवय सोडावी लागते. मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. लंकेभोवती तो एक मीटरच्या आत असतो. त्यामुळे 'ओहोटी आहे, आत चला' हा हिशेब इथे चालत नाही. पाण्याचा स्वभाव भरती-ओहोटीवरून ओळखता येत नाही, लाटेवरून आणि वाऱ्यावरून ओळखावा लागतो.

पिजन आयलंड निलावेलीच्या समोर साधारण किलोमीटरभर आत आहे. दोन बेटं, एक मोठं एक लहान. २००३ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. जायचं ते सकाळी लवकर. दिवस चढला की जमीन तापते आणि समुद्रावरचा वारा सुटतो, पाणी चुरमडतं आणि बुडी मारून पाहायला जी स्वच्छता लागते ती जाते. तिकिटात माणशी रकमेशिवाय दर गटामागे एक सेवाशुल्क असतं आणि बोटीचे पैसेही बोटीमागे. म्हणून सात जणांनी एकच बोट आणि एकच तिकीट करणं स्वस्त पडतं. दोनदोनच्या जोड्यांनी गेलं की तेच पैसे चारदा.

तिथे चूक होते ती पायाची. पाणी छातीइतकं दिसतं, मास्कमध्ये पाणी शिरतं, माणूस घाबरतो आणि पाय खाली टेकवतो. खाली वाळू नसते, प्रवाळ असतो. प्रवाळ मोडतोच, पण तळव्याला जो काप बसतो तो खाऱ्या दमट हवेत आठवडाभर सुकत नाही. उपाय साधा आहे: आधी किनाऱ्याच्या वाळूवर, कमरेइतक्या पाण्यात दहा मिनिटं मास्क लावून नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास घ्यायचा सराव. काचेला आतून थुंकी चोळून धुतली की धुकं धरत नाही. मिशी असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतंच, कारण रबर कातडीला चिकटत नाही. नाकाखालच्या मिशीला थोडं व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं. थोरल्या भावाची मिशी हा तिथला मोठा विषय झाला होता.

आजींसाठी त्रिंकोमालीचं कोणेश्वराचं देऊळ. फ्रेडरिक किल्ल्याच्या आतून रस्ता वर जातो, वाटेत ठिपकेवाली हरणं मोकळी फिरतात. देऊळ समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, आताचं नंतरचं. कड्याला जी उभी भेग आहे तिला रावणाची भेग म्हणतात. वर गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, पायऱ्या आजींना जमण्याइतक्या. संध्याकाळी जावं, दुपारी अनवाणी पायाला फरशी पोळते. परतताना कन्नियाचे गरम पाण्याचे सात हौद. रावणाने आईच्या उत्तरकार्यासाठी ते निर्माण केले अशी कथा. चोपड्याकडचे उनपदेवचे गरम झरे पाहिलेल्यांनी वेळ कमी असेल तर हे सोडायला हरकत नाही.

ऊन. अमळनेरच्या माणसाला ऊन शिकवायला कोण जाणार, अशी सगळ्यांची समजूत होती आणि तिथेच फसगत झाली. मेमध्ये घरी पारा ४४ ला असतो, पण हवा कोरडी. घाम आला की लगेच उडतो आणि अंग गार पडतं. कूलर चालतो तोही याच हिशेबावर: खसच्या ताट्या कोरड्या हवेने सुकतात आणि हवा गार होते. किनाऱ्यावर पारा ३४-३५ ला असतो, पण हवेत आधीच इतकं पाणी की घाम उडत नाही, नुसता वाहतो. शरीर मीठ घालवतं पण गार होत नाही. दुसऱ्या दुपारी आजींना गरगरलं, पायात गोळे आले. पाणी त्या पीत होत्याच, मीठ कमी पडलं होतं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, घोटघोट, आणि पंख्याखाली अंग ओल्या फडक्याने पुसणं, एवढ्यावर तासाभरात बऱ्या झाल्या. त्यानंतर रोज सकाळी एक लिटर तयार ठेवलं. शहाळ्याच्या जागी तिकडे नारिंगी सालीचं 'तंबिली' मिळतं, ते चांगलंच, पण त्यात मीठ फारसं नसतं. रुग्णवाहिकेसाठी १९९० हा मोफत क्रमांक देशभर चालतो, पोलिसांसाठी ११९. दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये भरलेले असावेत.

वरणातला मासा

शाकाहारी माणसाची लंकेतली मोठी गैरसोय मांस नाही, ते दिसतं. गैरसोय 'उंबलकडा' ही आहे. मालदीवकडचा टुना शिजवून, धुरावून, लाकडासारखा वाळवतात आणि त्याचा कूट करून चटणीत, भाजीत, कधी डाळीतही घालतात. ओल्या खोबऱ्याचा 'पोल सांबोल' दिसायला आपल्या लाल चटणीसारखाच, त्यात हा कूट बहुतेक वेळा असतो. 'व्हेज?' विचारलं की वाढपी प्रामाणिकपणे हो म्हणतो, कारण त्याच्या लेखी भाजीत मासा 'घातलेला' नाही, ती मिरचीसारखी चव आहे.

हबरण्याच्या पहिल्या रात्री हेच झालं. थोरल्या सुनेने अर्धी वाटी डाळ खाल्ली आणि वास आला. पुढे आजींनी दशमी आणि दह्यावर रात्र काढली. विचारायचं ते असं: सिंहली भागात 'मालु एपा, उंबलकडा एपा', म्हणजे मासा नको, उंबलकडा नको. पूर्व किनाऱ्यावर तमिळ चालतं, तिथे एकच शब्द पुरतो, 'सैवम'. त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआला 'सैव' पाटीची उपाहारगृहं आहेत. तिथे इडिआप्पम, सांबार, पोल रोटी, केळीच्या पानावर भात, सगळं निर्धास्त. पूर्व किनारा निवडल्याचा हा फायदा कुणी आधी धरला नव्हता. गोड म्हणून म्हशीच्या दुधाचं मातीच्या भांड्यातलं दही आणि त्यावर कितुळ माडाचा काकवीसारखा पाक, हे आजींना इतकं आवडलं की रिकामं मडकं बॅगेत घालून आणलं.

तिखटाची काळजी खान्देशी माणसाने करू नये.

पैसा

भारतीय एका रुपयाला साधारण साडेतीन लंकन रुपये, थोडं वर-खाली. मनातल्या मनात हिशेब करायचा तर हजाराची नोट म्हणजे आपले तीनशेच्या आत. यूपीआय श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, पण ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' हा पर्याय आधी चालू करावा लागतो. सातांतल्या तीन फोनांवर तो बंद होता. मोठ्या दुकानांत काम होतं. बोटवाला, तीनचाकीवाला, देवळाजवळचा चपला सांभाळणारा, फळवाला यांच्याकडे रोखच. डॉलर भारतात अधिकृत बँकेतून घेऊन विमानतळावरच बदलावेत आणि पावती शेवटपर्यंत जपावी, उरलेले परत करताना ती मागतात.

पौर्णिमा पाहिली का, हाही प्रश्न विचारावा. तिकडे दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते. दारू आणि मांस विक्री बंद. मेमधली पौर्णिमा म्हणजे वेसाक, त्यांचा सर्वांत मोठा सण, दोन दिवस कंदील, गर्दी आणि रस्त्यावर 'दन्सल', म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण. पाहायला सुरेख, पण कँडीत खोली मिळत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पौर्णिमा पाहून मगच कँडीची रात्र ठरवावी.

पासिकुडा आणि नंतरची घाई

पासिकुडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखी उथळ खाडी, पुढे प्रवाळाची भिंत, त्यामुळे लाट आत येतच नाही. बरंच अंतर चालत गेलं तरी पाणी कमरेवर जात नाही. नऊ वर्षांच्या मुलीसाठी आणि आजींच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगली जागा बेटावर नाही. आजी खुर्ची पाण्यात मांडून तासभर बसल्या. शेजारचा कल्कुडा किनारा मोकळा, देखणा, आणि उघड्या समुद्राचा. तिथे पोहायला जाऊ नये.

पोलोन्नारुवाला कातळातली पहुडलेली बुद्धमूर्ती पाहून कँडी गाठली. दंतमंदिराला, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळाला, गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे लागतात, नातवाची अर्धी चड्डी दारातच अडली, भाड्याच्या लुंगीवर काम भागलं. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढू नये.

मग गॉल. हा मुक्काम थोरल्यासाठी ठेवला होता. 'एवढं लंकेला गेलो आणि गॉल नाही?' कँडीहून सव्वादोनशे किलोमीटर, पाच-साडेपाच तास, दुसऱ्या दिवशी द्रुतगती मार्गाने निगोंबो, तिसऱ्या पहाटे विमान. हा आराखड्यातला फसलेला भाग. पासिकुड्याला तिसरी रात्र आणि कँडीला दुसरी देऊन तिथूनच विमानतळ गाठला असता तर सहल उत्तम बसली असती. किल्ला मात्र पावसातही पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये सुरुवात केली, डचांनी १६४९ पासून तो पक्का बांधला, १९८८ पासून जागतिक वारसा. २००४ च्या त्सुनामीत या तटांनी आतलं गाव बरंच वाचवलं. सकाळी दोन तास तटावरून चालायचं आणि निघायचं, एवढंच काम.

पण धाकटा आणि नातू उनावटुनाला समुद्र बघायला गेले. लाल बावटा होता. लाटा डोक्याएवढ्या, फेसाळ, गढूळ. फक्त मध्ये वीसेक पावलांचा एक पट्टा होता, तिथे लाट फुटत नव्हती, पाणी गडद आणि सपाट. नातू बोरी नदीच्या डोहात पोहायला शिकलेला, काकाने सुट्टीत तापीही दाखवलेली. त्याने त्या पट्ट्याकडे बोट केलं.

"काका, आठे ते पानी शांत शे!"

मुलगा गुडघ्यापर्यंत आत गेला तोच जीवरक्षकाची शिटी वाजली. नदी शिकवते की शांत पाण्यात उतरावं. समुद्रात लाटांमधला शांत पट्टा हा बहुधा परतीच्या पाण्याचा रस्ता असतो. लाटा किनाऱ्यावर पाणी ढकलत राहतात, ते पाणी वाळूच्या दांड्यातल्या खाचेतून एकवटून समुद्रात परत जातं, आणि ती खाच खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. नदीचा दुसरा नियम मात्र इथेही खरा आहे: धार आडवी कापायची. नदीत धार काठाशी समांतर वाहते, म्हणून आडवं म्हणजे काठाकडे. इथे धार काठापासून सरळ आत जाते, म्हणून आडवं म्हणजे किनाऱ्याशी समांतर, ओढ सुटेपर्यंत, आणि मग लाटांबरोबर बाहेर. सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमून बुडतो.

जीवरक्षकाला मराठी येत नव्हतं आणि नातवाला सिंहली. त्याने वाळूत पडलेल्या नारळाच्या दोन सोडणांपैकी एक फेसाळ लाटांत फेकलं, दुसरं त्या सपाट पाण्यात. पहिलं मिनिटभरात पायाशी परत आलं. दुसरं हळूहळू, जराही न डोलता, लाटांच्या पलीकडे गेलं आणि काळा ठिपका होऊन दिसेनासं झालं. नातू बराच वेळ तिकडेच बघत उभा होता.